नवा राऊटर बसवल्यापासून लॅपटॉपला वायफाय जोडलेलं दिसतं पण नेट येत नाही, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, तीन दिवस झाले डोकं खाजवतेय, शेवटी इथे विचारते. थोडं सविस्तर लिहिते म्हणजे तुम्हाला परत परत विचारावं लागणार नाही.

मी इचलकरंजीत राहते, घरून काही यंत्रमागवाल्यांचे आणि दोन किराणा दुकानांचे हिशेब बघते, जीएसटी रिटर्न भरते, शिवाय एका सीए साहेबांचं कामही घरूनच करते. शनिवारी केबलवाल्याने जुनी लाईन काढून फायबर टाकली आणि नवा राऊटर दिला, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ दोन्हीवाला. बसवायला आलेल्या मुलाने वायफायचं नाव आणि पासवर्ड जुनाच ठेवला म्हणजे सगळी उपकरणं आपोआप जोडली जातील, आणि तसं झालंही, दोन्ही मोबाईल, टीव्ही, मुलीचा टॅब, सगळ्यांवर मस्त स्पीड येतोय.

फक्त माझा लॅपटॉप. २०१६ चा आहे, विंडोज १०. वायफायला जोडला जातो, कांड्या पूर्ण दिसतात, पण खाली लिहून येतं 'नो इंटरनेट, सिक्युअर्ड' आणि एकही साईट उघडत नाही. बसवणारा मुलगा म्हणाला ताई लॅपटॉप जुना झालाय, नवीन घ्या, आणि गेला. आता लॅपटॉप जुना आहे हे मला मान्य आहे पण शुक्रवारी रात्रीपर्यंत याच लॅपटॉपवर याच खोलीत नेट चालत होतं, एका रात्रीत तो कसा म्हातारा होईल?

आत्तापर्यंत काय काय केलं ते सांगते. लॅपटॉप तीन-चारदा बंद चालू केला. राऊटरची पिन काढून दहा मिनिटं ठेवली. वायफाय 'फरगेट' करून परत पासवर्ड टाकून जोडलं. अँटीव्हायरस बंद करून बघितला. विंडोजचा ट्रबलशूटर चालवला, तो बराच वेळ फिरला आणि म्हणाला डिफॉल्ट गेटवे उपलब्ध नाही, दुरुस्त केलं म्हणाला, पण काही दुरुस्त झालं नाही.

लॅन केबलने मात्र नेट चालतं! म्हणून सध्या हॉलमधल्या राऊटरपासून आतल्या खोलीपर्यंत केबल ओढलीय, ती बरोबर दारातून जाते त्यामुळे दार लागत नाही, आणि सासूबाई काठी घेऊन चालतात, रात्री उठल्या की माझा जीव वर येतो. केबल भिंतीकडेला चिकटपट्टीने चिकटवलीय तरी उंबऱ्यावर ती उचलतेच.

प्रिंटर पण ऑफलाईन दाखवतोय, तो वायफायचाच आहे, पण लॅपटॉपलाच नेट नाही म्हटल्यावर तो तरी कसा चालेल असं धरून चाललेय.

११ तारखेच्या आत जीएसटीआर-१ भरायचे आहेत, आज ८ तारीख. लॅपटॉप बदलायची वेळ खरंच आलीय का एवढं तरी सांगा, नाहीतर काय तपासू ते सांगा. कॉम्प्युटरचं शिक्षण नाही माझं पण सांगितलेलं नीट करेन.

प्रतिसाद
ताई, नवीन राऊटरवर दोन्ही बँडला एकच नाव दिलेलं असतं आणि जुने लॅपटॉप त्यात गोंधळतात. राऊटरच्या पानावर जाऊन ५ गिगाहर्ट्झला वेगळं नाव द्या आणि लॅपटॉप २.४ वर जोडा. सिक्युरिटी डब्ल्यूपीए३ असेल तर डब्ल्यूपीए२ करून बघा, जुन्या वायफाय कार्डांना ३ जमत नाही.

प्रतिसाद
सगळ्यात सोपं, सेटिंग्जमध्ये नेटवर्क अँड इंटरनेट, तिथे सगळ्यात खाली नेटवर्क रीसेट. पाच मिनिटांत काम होतं, माझं झालं होतं.

धागाकर्ती
दोघांचेही आभार. मुलीने मोबाईलवरून राऊटरचं पान उघडलं, दोन वेगळी नावं केली, सिक्युरिटी आधीपासून डब्ल्यूपीए२ च होती. लॅपटॉपला ५ वालं नाव दिसतच नाही. शोधून एक कमांड चालवली, नेटश डब्ल्यूलॅन शो ड्रायव्हर्स, त्यात रेडिओच्या पुढे ८०२.११ बी, जी, एन एवढंच आहे. म्हणजे याला ५ गिगाहर्ट्झ नाहीच ना? पण २.४ वाल्या नावाला जोडलं तरी तेच, कांड्या पूर्ण आणि नेट नाही.

नेटवर्क रीसेट करायला मी घाबरतेय. त्यात सीए साहेबांच्या ऑफिसचं व्हीपीएन (घरून त्यांच्या नेटवर्कला सुरक्षित जोडायचं सॉफ्टवेअर) जाईल असं वाचलं, ते परत टाकायला त्यांच्या माणसाला बोलवावं लागेल आणि या आठवड्यात तिकडे कुणाला श्वास घ्यायला फुरसत नाहीये. दुसरा काहीच मार्ग नसेल तर करेन.

प्रतिसाद
थांबा, रीसेट करू नका अजून. बरोबर वाचलंय तुम्ही, व्हीपीएनचं सॉफ्टवेअर परत टाकायची पाळी येऊ शकते. आणि बँड, सिक्युरिटी याचाही प्रश्न वाटत नाही, तसं असतं तर लॅपटॉप जोडलाच गेला नसता, इथे जोडला जातोय आणि पुढे अडतोय. दोन गोष्टी करून सांगा. एक, मोबाईलचा हॉटस्पॉट चालू करून त्याला लॅपटॉप जोडा, नेट येतं का बघा. दोन, लॅन केबल काढून घरच्या वायफायला जोडा, कमांड प्रॉम्प्ट उघडा, आयपीकॉन्फिग स्लॅश ऑल टाइप करा आणि वायरलेस लॅन अडॅप्टर वायफाय असं जिथे लिहिलंय त्याखालच्या चार ओळी इथे लिहा: डीएचसीपी एनेबल्ड, आयपीव्ही४ अॅड्रेस (लॅपटॉपचा पत्ता), डिफॉल्ट गेटवे (राऊटरचा पत्ता), डीएनएस सर्व्हर्स (साईटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारे). मोबाईलवरही वायफायच्या नावावर दाबून त्याचा आयपी आणि गेटवे बघा. आणि हो, मोबाईलवरून प्रिंट निघते का?

धागाकर्ती
केलं सगळं. हॉटस्पॉटवर पण तेच!! जोडतं आणि नो इंटरनेट. म्हणजे राऊटरचा दोष नाही असंच ना?

लॅपटॉपवर असं आलंय:
डीएचसीपी एनेबल्ड – नो
आयपीव्ही४ – १९२.१६८.०.५०
गेटवे – १९२.१६८.०.१
डीएनएस – १९२.१६८.०.१

मोबाईलवर आयपी १९२.१६८.१.७ आणि गेटवे १९२.१६८.१.१. एका ठिकाणी शून्य आहे आणि एका ठिकाणी एक, हेच का? मी लॅपटॉपवरून १९२.१६८.१.१ ला पिंग पण करून बघितलं, तर चारही ओळीत 'रिप्लाय फ्रॉम १९२.१६८.०.५०, डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल' असं आलं, म्हणजे लॅपटॉपचा स्वतःचाच पत्ता उत्तर देतोय की पोचता येत नाही.

मोबाईलवरून पण प्रिंट निघत नाही, हे मी आधी तपासलंच नव्हतं.

प्रतिसाद
सापडलं ताई. लॅपटॉप अगदी ठणठणीत आहे, नवीन घेऊ नका.

सहसा राऊटरच प्रत्येक उपकरणाला पत्ता वाटतो, त्याला डीएचसीपी म्हणतात. तुमच्या लॅपटॉपच्या वायफायला कुणीतरी हाताने कायमचा पत्ता घालून ठेवलाय, ०.५०. जुना राऊटर ०.१ वर होता म्हणून इतकी वर्षं काही कळलं नाही. नवा राऊटर १.१ वर आहे आणि लॅपटॉप अजून ०.१ लाच हाका मारतोय, तिथे ओ द्यायला कुणी नाही. पासवर्ड बरोबर असल्यामुळे वायफाय जोडलं जातं, कांड्या सिग्नलच्या असतात, त्यांचा आणि नेटचा संबंध नाही. लॅन केबलचं अडॅप्टर वेगळं, त्याला पत्ता आपोआप मिळतो म्हणून ते चालतं. हॉटस्पॉटवरही त्यामुळेच अडलं.

विंडोजचं बटण आणि आर दाबा, एनसीपीए डॉट सीपीएल टाइप करून एंटर. वायफायवर राईट क्लिक, प्रॉपर्टीज. यादीत इंटरनेट प्रोटोकॉल व्हर्जन ४ आहे, त्याच्या नावावर क्लिक करून (टिक काढू नका) खालचं प्रॉपर्टीज बटण. तिथले आकडे आधी वहीत लिहून ठेवा, मग वर आयपी आपोआप घ्या आणि खाली डीएनएस आपोआप घ्या, दोन्ही निवडा. फक्त वरचं बदलून डीएनएस तसंच ठेवलं तर जोडणी होईल पण साईट उघडणार नाहीत, हे बरेच जण विसरतात. ओके, ओके, आणि वायफाय एकदा बंद चालू.

धागाकर्ती
आलं!!! चालू झालं. वायफाय बंद करून चालू केलं आणि जीएसटी पोर्टल लगेच उघडलं. तुमचे आभार कसे मानू कळत नाही, खरंच. मी उद्या दुकानात जाऊन हप्त्यावर लॅपटॉप बघणार होते.

आणि हे कुणी करून ठेवलं तेही आठवलं. २०१९ ला माझ्या दिरांनी केलं होतं, तेव्हा घरात एक डेस्कटॉप पण होता आणि टॅलीचा डेटा माझ्या लॅपटॉपवर. डेस्कटॉपवरून तो डेटा उघडायचा तर लॅपटॉपचा पत्ता रोज बदलून चालायचं नाही, म्हणून ५० नंबर कायमचा दिला होता. त्यांचं काही चुकलं नाही, दोन वर्षं त्यावर आम्ही दोघं एकाच वेळी नोंदी करायचो. डेस्कटॉप गेला, तो नंबर मात्र राहिला. माझ्या जुन्या डायरीच्या मागच्या पानावर त्यांच्या अक्षरात लिहिलेलं पण सापडलं: लॅपटॉप ५०, प्रिंटर ६०.

प्रिंटर ६०! म्हणजे प्रिंटरचंही हेच ना?

प्रतिसाद
अगदी हेच. प्रिंटरच्याच मेनूत नेटवर्कखाली टीसीपी/आयपी शोधा, तिथे स्टॅटिक किंवा मॅन्युअल असेल ते ऑटो करा. मग लॅपटॉपमधून प्रिंटर काढून परत जोडा, कारण लॅपटॉप अजून त्याला ०.६० वरच शोधत असणार. आणि पुढेमागे परत कायमचा पत्ता लागलाच तर तो उपकरणात घालू नका, राऊटरच्या पानावर अॅड्रेस रिझर्व्हेशन असतं तिथे द्या, म्हणजे सगळे पत्ते एका जागी राहतात.

अजून एक. विंडोज १० चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तुम्ही त्यावर लोकांचे हिशेब आणि पासवर्ड ठेवता, तेव्हा रिटर्न भरून झाले की त्याचं काय करायचं ते सीए साहेबांना विचारा. घाई नाही पण विसरू नका.

धागाकर्ती
प्रिंटरची स्क्रीन दोन ओळींची आहे, बाणाची बटणं दाबत दाबत गेले, बूट मेथड अशा नावाखाली स्टॅटिक होतं ते ऑटो केलं. लॅपटॉपमधून काढून परत जोडला. तीन दिवस अडकलेली सगळी चलनं एकामागून एक निघाली.

सपोर्टचं लक्षात ठेवते, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. दिरांना फोन करून सगळं सांगितलं, ते म्हणाले दुकानातल्या काउंटरच्या मशीनला पण त्यांनी असाच नंबर दिलाय आणि तिथेही पुढच्या आठवड्यात फायबर येणारे, आधीच बदलून ठेवतो.

केबल गुंडाळून कपाटात ठेवली, आतल्या खोलीचं दार लागलं. आज रात्री तीन रिटर्न भरायला बसतेय.