मदत हवी आहे: सिरिंज दाबल्यावर वायूचा रंग फिका व्हायला हवा ना?

नमस्कार. आम्ही फोंड्याला असतो. लेक अकरावी सायन्सला, चतुर्थीची सुट्टी संपली की परीक्षा. तिची प्राथमिक शाळा मराठीतून झाली, पुढचं सगळं इंग्रजीतून. त्यामुळे अवघड काही आलं की अजून माझ्याकडून मराठीत समजून घेते. या वेळी मीच अडकले.

नायट्रोजन डायऑक्साइड तपकिरी. त्याचे दोन रेणू जुळले की डायनायट्रोजन टेट्रॉक्साइड होतो, तो बिनरंगी. बंद सिरिंजमध्ये दोघांचा समतोल असतो. दाब वाढवला की समतोल कमी रेणूंच्या बाजूला सरकतो, हे ले शातेलिए यांचं तत्त्व तिला पाठ आहे. पण व्हिडिओत दट्ट्या दाबताच रंग एकदम गडद झाला, मग जरा उतरला, तरी सुरुवातीपेक्षा गडदच राहिला. ती विचारते, "आई, मग समतोल सरकला कुठे?" 'पुस्तकात आहे तेच लिही' असं मला तिला सांगायचं नाही. कोणी आकडे घेऊन समजावेल का?

प्रतिसाद:
ताई, लेकीने अगदी बरोबर पाहिलंय. समतोल सरकतो, पण केलेला बदल पूर्ण पुसत नाही. सोयीचे आकडे घेऊ. एक लिटरमध्ये तपकिरी 2 मोल, बिनरंगी 4 मोल. तपकिरीच्या संहतीचा (लिटरमागे मोल) वर्ग भागिले बिनरंगीची संहती, हे गुणोत्तर समतोलात ठरलेलं असतं; तोच स्थिरांक, इथे 1. जागा अर्धी केली की संहती 4 आणि 8 होतात, गुणोत्तर 2. ते पुन्हा 1 वर येईपर्यंत तपकिरी रेणू जुळत राहतात आणि संहती 2.92 आणि 8.54 वर स्थिरावतात. 4 वरून 2.92, म्हणून रंग उतरला. पण 2.92 हे मूळच्या 2 पेक्षा जास्तच, म्हणून गडद. आता मोल मोजा: अर्ध्या लिटरात तपकिरी 1.46 उरले, आधी 2 होते. सरकला तो इथे! सिरिंज टोकाकडून, लांबीच्या दिशेने पाहिली तर रंग खरंच आधीपेक्षा फिका दिसेल.

मूळ प्रश्नकर्ती:
खूप आभार! तिने वर्गसमीकरण मांडून 2.92 स्वतः काढलं. आता विचारते, गरम पाण्यात धरलेली नळीही गडद होते, तेव्हाही स्थिरांक 1 च का?

प्रतिसाद:
नाही. दाबाने स्थिरांक हलत नाही, तापमानाने हलतो. टेट्रॉक्साइड फुटायला मोलमागे साधारण 57 किलोजूल उष्णता लागते, म्हणून तापवलं की स्थिरांकच वाढतो. दट्ट्या झटकन दाबला तरी वायू थोडा तापतो, तेव्हा शेवटचा रंग ठरवण्याआधी त्याला निवू द्यायला हवं.