ब्रेडेड दोऱ्यावर तिलापी काठाजवळ येऊन सुटते, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, भुसावळहून लिहितोय. हतनूर धरणाच्या फुगवट्यावर, पूर्णा तापीला मिळते त्या चांगदेवच्या अंगाला, काठावरून गळ टाकतो. मोठ्या कटल्याच्या मागे मी नसतो. तळहाताएवढी तिलापी, रोहूची पोरं, एवढंच. रॉड अल्ट्रालाइट, रीळ १००० नंबरचं, आमिष गांडूळ नाहीतर कणकेची गोळी, कधी दोन ग्रॅमची जिग (डोक्याला वजन असलेला गळ).

आजवर साधा तंगूस (नायलॉनचा एकेरी दोरा) वापरला. या हंगामात १० पौंडी (तेवढा ताण सोसणारा) ब्रेडेड, म्हणजे बारीक धाग्यांचा विणलेला दोरा, चढवला आणि सांगतो, फरक फार आहे. पौंड दहा असले तरी जाडी साधारण २ पौंडी तंगुसाएवढी, त्यामुळे हलकी जिगसुद्धा लांब जाते. ताणला तरी दोरा वाढत नाही. तिलापी आमिष चोखून थुंकते ना, ते बोटाखालच्या दोऱ्यावर टकटक असं कळतं. तंगुसावर ही टकटक कधीच पोचली नाही. म्हणून हा दोरा सोडायची इच्छा नाही.

पण मासा हातात येत नाहीये. लागतो, ओढ देतो, काठाजवळ आला की सुटतो. परवा तर गळाच्या टोकावर ओठाची पातळ साल तेवढी राहिली होती. दुसरं, एखादा जरा मोठा रोहू लागला की ड्रॅग (रिळाचा ब्रेक) घट्ट असूनही स्पूलवरचा (दोरा गुंडाळायच्या चकरीवरचा) सगळा दोरा एकत्र गरगर फिरतो, रीळ बिघडल्यासारखं. तिसरं, जिग फेकल्यावर मध्येच वेटोळ्यांचा झुबका बाहेर पडतो आणि अशी गाठ बसते की नखाने सुटत नाही. अन् काठावरचा काळा दगड! त्याच्या धारेला ताणलेला दोरा नुसता घासला तरी तुटतो.

पुढे गळाच्या बाजूला फ्लुरोकार्बनचा (कडक, पारदर्शक दोऱ्याचा) लीडर, म्हणजे जोडतुकडा, बांधावा का? बांधला तर कोणत्या गाठीने? की छोट्या माशासाठी तंगूसच बरा? जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावं.

प्रतिसाद, धुळे

भाऊ, तंगूस ताण खातो, तोच माशाच्या तोंडाला सांभाळतो. ब्रेडेडमध्ये ती उशी नाही, म्हणून तुमचा प्रत्येक हिसका थेट ओठावर बसतो. आधी हिसका देणं बंद करा. टकटक झाली की रॉड नुसता उचलून वजन घ्या, लहान बारीक तारेचा गळ तेवढ्यावर रुततो. ड्रॅग इतका सैल ठेवा की हाताने ओढला तर दोरा सहज निघावा. मासा काठाजवळ आला की रॉड उभा धरू नका, आडवा वाकवा आणि खाली जाळी लावा. बहुतेक मासे तिथेच, पाण्याबाहेर उचलताना सुटतात. अमेरिकेत ब्लूगिल, क्रॅपी या छोट्या माशांसाठी मऊ रॉड घेतात तो याचसाठी. क्रॅपीचं तोंड तर इतकं नाजूक की तिला तिकडे कागदी तोंडाची म्हणतात.

स्पूलचं सोपं आहे. ब्रेडेड गुळगुळीत, धातूवर पकड घेत नाही. सगळा काढा, आधी तंगुसाचे काही वेढे घाला, त्याला ब्रेडेड जोडा. भरताना ओल्या फडक्यात दाबून ताणात भरा, कडेपर्यंत भरू नका. सैल वेढ्यांमुळेच झुबका पडतो. फेकल्यावर बेल (रिळावरची तारेची कडी) हँडल फिरवून नाही, हाताने बंद करा आणि लगेच दोरा बोटाने ताणून घ्या.

लीडर बांधाच. ४ ते ६ पौंडी फ्लुरोकार्बन, साधारण रॉडच्या लांबीएवढा. दगडावर तो जास्त टिकतो आणि पाण्यात दिसतही कमी. मी डबल युनी गाठ मारतो: ब्रेडेडच्या बाजूने आठ वेढे, लीडरच्या बाजूने पाच, ओली करून हळू आवळायची. गळ अडकला तर दोरा बोटाभोवती गुंडाळून ओढू नका, बोट चिरतं. लाकडाच्या तुकड्याला गुंडाळा. लीडर हलका असला की तुटतो तोही तिथेच, पाण्यात लांब दोरा राहत नाही.

धागाकर्ता

दादा, मनापासून आभार. शेवटचं वाक्य मला फार मोलाचं वाटलं. हिवाळ्यात हतनूरला परदेशी बदकं उतरतात आणि हा दोरा कुजत नाही, पाखरांच्या पायात अडकला तर कापत जातो. कापलेले तुकडे मी डबीत भरून घरी नेतो, पण बुडालेल्याचं काय करायचं हे सुचत नव्हतं.

एकच विचारायचं राहिलं. दुपारी वारा सुटला की दोऱ्याला पाण्यावर मोठा बाक येतो आणि फ्लोट (दोऱ्यावरचं तरंगतं बोंड) वाहून जातो. त्याला काही उपाय?

प्रतिसाद, धुळे

ब्रेडेड पाण्यापेक्षा हलका, वर तरंगतो, म्हणून वारा त्याला ओढून नेतो. फेकल्यावर रॉडचं टोक पाण्यात बुडवा आणि दोन-तीन वेढे गुंडाळा, दोरा पाण्याखाली जातो. तरीही वारा जोराचा असला तर त्या वेळी फ्लोट सोडा, लीडरवर छोटं शिसं लावून तळाला बसा. फ्लोटवरच मासे धरायचे असतील तर जास्तीच्या स्पूलवर तंगूस भरून जवळ ठेवा. त्या कामाला तंगूसच चांगला.