युकॉनच्या टोपो शीटवर कंटूर नाहीत, तळी पण जुळत नाहीत

नदीनकाशा: कॅनडात युकॉनच्या उत्तर टोकाला ओल्ड क्रो फ्लॅट्स आहे ना, त्याचा बेस मॅप करतोय. १:५०,००० ची एनटीएस (कॅनडाच्या सरकारी टोपो नकाशांची मालिका) शीट घेतली तर मधल्या सपाट भागात कंटूर, म्हणजे समान उंचीच्या रेषा, जवळपास नाहीतच, नुसती तळीच तळी. सॅटेलाइट इमेजवर टाकली तर काही ठिकाणी नकाशात भलंमोठं तळं आणि इमेजमध्ये चिखल नि हिरवट खळगा. डेटा खराब आहे का? आणि नदीचा उतार कशावरून काढायचा?

कंटूरवेडी: डेटा खराब नाही, तळी खरंच रिकामी झालीत! तिथे खाली पर्माफ्रॉस्ट, म्हणजे वर्षानुवर्षं गोठलेली जमीन आहे, पाऊस जास्त झाला की पाणी काठावरून वाहायला लागतं, काठातला बर्फ वितळतो, चर खोल होत जाते आणि बघता बघता तळं नदीत ओतलं जातं. झेल्मा लेक २००७ मध्ये असंच गेलं. आणि नद्यांचंही तेच, २०१६ मध्ये युकॉनमध्येच कास्कावुल्श हिमनदी मागे हटली आणि स्लिम्स नदीचं बहुतेक पाणी काही दिवसांत दुसऱ्या खोऱ्यात वळलं. म्हणून शीट कधी छापली ते सोडा, समासात हवाई फोटोंचं साल दिलेलं असतं ते आधी वाचा.

सर्वेवाला: त्याआधी डेटम तपासा, म्हणजे नकाशाचे अक्षांश-रेखांश कुठल्या संदर्भावर मोजलेत ते. सगळी तळी एकाच दिशेला सारखीच सरकलेली दिसत असतील तर शीट नॅड२७ या जुन्या डेटममध्ये आहे आणि तुम्ही नवा नॅड८३ समजून लोड केलीय, कॅनडात यूटीएमवर (मीटरमधल्या नकाशा-ग्रिडवर) त्याने उत्तर-दक्षिण दोनशे मीटरच्या आसपास फरक पडतो.

उताराचं म्हणाल तर दहा-वीस मीटरच्या कंटूरमध्ये असली सपाटी पकडलीच जात नाही. आर्क्टिकडीईएम हा उंचीचा डेटा घ्या, फुकट आहे, २ मीटरचं रिझोल्यूशन. पण ते स्टीरिओ (वेगवेगळ्या कोनांतून घेतलेल्या) इमेजवरून बनवलेलं सरफेस मॉडेल आहे, म्हणजे झुडपांचे शेंडे धरून उंची येते आणि पाण्यावर तर आकडे वेड्यासारखे उड्या मारतात. नदीच्या मधोमध प्रोफाइल (उंचीचा आलेख) अजिबात काढू नका, काठच्या उघड्या वाळूवरचे पॉइंट घ्या.

कंटूरवेडी: पॉर्क्युपाइनसारखी रुंद नदी असेल तर स्वॉट पण बघा, डिसेंबर २०२२ ला सोडलेला उपग्रह, पाण्याच्या पृष्ठभागाची उंची थेट मोजतो, पण साधारण १०० मीटरपेक्षा रुंद नद्यांसाठीच. बारीक फाट्यांना उपयोग नाही.

नदीनकाशा: खूप आभार दोघांचे! बघितलं, सरक सगळीकडे सारखी नाहीये, बाजूची तळी बरोबर बसतात आणि मधलंच एक गायब, म्हणजे डेटमचा घोळ नाही. आता प्रत्येक तळ्याला इमेजची तारीख जोडतोय.