मदत हवी आहे: भावाला एअरपोर्टची नोकरी लागली म्हणतात, सिम घेऊन गेलेत आणि आता एटीएम कार्ड मागतायत (इंदूर)

सुदामानगरची_ताई

नमस्कार मंडळी, जरा अर्जंट आहे म्हणून सरळच लिहिते, लांबलं तर सांभाळून घ्या.

माझा धाकटा भाऊ, वय २१, बीकॉम झालाय, भंवरकुआंला बँकेच्या परीक्षांचं कोचिंग चालू आहे. त्याने जॉब साइटवर रेझ्युमे टाकलेला, त्यावरून फोन आला की एका मोठ्या विमान कंपनीत ग्राउंड स्टाफची भरती आहे, पोस्टिंग इंदूरलाच, हातात ३२,५००. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, त्या बिचाऱ्यांचा काही संबंधही नसेल.

व्हिडिओ कॉलवर इंटरव्ह्यू झाला आणि इथेच माझी गोची आहे, कारण तो इंटरव्ह्यू मला खोटा वाटलाच नाही. मी बाजूच्या खोलीतून ऐकत होते. एक मॅडम, एक सर, मागे कंपनीचा लोगो, आणि पोराला इंग्रजीतून चांगलं धारेवर धरलं. फ्लाइट पाच तास लेट आहे, एक म्हातारे गृहस्थ काउंटरवर ओरडतायत, बरोबर व्हीलचेअरवर त्यांची बायको आहे, तू पहिलं वाक्य काय बोलशील? आता सांगा, फसवणारा माणूस असले प्रश्न विचारेल? शेवटी म्हणाले तुझं कम्युनिकेशन कमी पडतं, होल्डवर ठेवतो. त्याच्या क्लासमधल्या दोन मित्रांनीही दिला होता, त्यातल्या एकाला तर चक्क रिजेक्ट केलं. मग याला मेल आला की सिलेक्शन झालं, घरात पेढे वगैरे वाटून झाले.

त्यानंतर रजिस्ट्रेशन आणि बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनचे १,८५० घेतले, पहिल्या पगारात परत म्हणे. मग सॅलरी अकाउंट. विजय नगरच्या एका कॅफेत त्यांचा माणूस भेटला, भावाच्याच आधारवर नवीन सिम घ्यायला लावलं, त्या नंबरवर अकाउंट उघडलं, आणि सिम स्वतःकडे ठेवून घेतलं, पेरोलला लिंक करायचंय म्हणून. आता बँकेचं किट घरी आलंय तर एचआर मॅडम म्हणतात कार्ड कुरियर करा, अॅक्टिव्हेट करून जॉइनिंग किटबरोबर देऊ. शिवाय युनिफॉर्म, ट्रेनिंग आणि एअरपोर्टचा गेटपास मिळून १४,५००, रिफंडेबल, शुक्रवारपर्यंत भरा नाहीतर सीट वेटिंगवाल्याला.

बाबा म्हणतात हल्ली सगळीकडेच डिपॉझिट घेतात, देऊन टाकू. भाऊ माझ्याशी बोलत नाहीये, त्याला वाटतं मी त्याच्या चांगल्यावर उठलेय. मला पैशांपेक्षा ते सिम आणि कार्ड जास्त खटकतंय, पण का खटकतंय ते घरात समजावता येत नाही. हे खरं असू शकतं का? आणि नसेल तर आता नेमकं काय करायचं, कोणाकडे जायचं? प्लीज कोणी माहीतगार असेल तर सांगा.

नवलखा_नाका

ताई, शंभर टक्के फ्रॉड आहे. नोकरी देणारा पैसे देतो, घेत नाही. १४,५०० देऊ नका, बाकी जाणकार लोक सांगतीलच.

कार्गोवाला

माझे साडू एअरपोर्टला कार्गोत आहेत, त्यांना विचारून लिहितोय. एअरपोर्टच्या आत जायचा जो पास असतो, एअरपोर्ट एंट्री परमिट, तो बीसीएएस म्हणजे नागरी विमान सुरक्षा ब्यूरोच्या नियमांखाली निघतो, पोलीस व्हेरिफिकेशन होतं, आणि अर्ज कंपनी करते. उमेदवाराने कोणाच्या तरी युपीआयवर गेटपासची फी टाकायची अशी पद्धतच नाही. विमान कंपन्या तर स्वतःच्या करिअरच्या पानावर लिहून ठेवतात की भरतीसाठी आम्ही पैसे घेत नाही.

ऑफर लेटर असेल तर एक बघा, एअरपोर्टचं नाव काय लिहिलंय?

सुदामानगरची_ताई

'इंदौर इंटरनॅशनल एअरपोर्ट टर्मिनल २' असं लिहिलंय.

कार्गोवाला

😄 देवी अहिल्याबाई होळकरांचं नाव ज्याला माहीत नाही तो इंदूर एअरपोर्टची भरती करतोय! अहो इथला रिक्षावालाही सांगेल.

मेल_तपासा

मेलचा पत्ता बघा, @ च्या पुढचा भाग. हे लोक खऱ्या कंपनीच्या नावाला 'करिअर्स' नाहीतर 'एचआर' चिकटवून नवं डोमेन घेतात, दिसायला एकदम ओरिजिनल. नेटवर हूइज म्हणून सर्च करा आणि ते डोमेन टाका, कधी रजिस्टर झालं ती तारीख दिसते. वर्षानुवर्षं चालू असलेल्या कंपनीचं डोमेन गेल्या महिन्यातलं निघालं तर विषय संपला. सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या सरकारी पोर्टलवर सस्पेक्ट सर्च पण आहे, त्यांचे फोन नंबर आणि ज्या युपीआयवर १,८५० गेले तो टाकून बघा. मात्र तिथे काही सापडलं नाही म्हणजे माणूस चोख असं समजू नका, त्याच्यावर अजून कोणी तक्रार केली नाही इतकंच.

जुनं_पासबुक

बेटा, मी बँकेतून रिटायर झालेला माणूस आहे, जरा सविस्तर लिहितो, बाबांनाही वाचून दाखव.

तुला जे खटकलं ते बरोबर खटकलं. या लोकांना तुझ्या भावाचे १४,५०० मिळाले तर ते सोडणार नाहीत, पण त्यांचा खरा माल वेगळाच आहे, तो म्हणजे त्याच्या नावाचं, केवायसी झालेलं, कोरं करकरीत खातं. पोलीस याला म्यूल अकाउंट म्हणतात. समजा नागपूरला किंवा कोचीला कोणा रिटायर्ड माणसाला डिजिटल अरेस्टची (खोटे पोलीस व्हिडिओ कॉलवर 'तुला अटक झालीय' म्हणतात ती) भीती घालून लाखो रुपये ट्रान्सफर करायला लावले, तर ते पैसे चोर स्वतःच्या खात्यात कशाला घेईल? ते तुझ्या भावाच्या खात्यात येतात, तिथून काही मिनिटांत पुढच्या चार खात्यांत फुटतात, किंवा कोणीतरी एटीएममधून काढतं. तो बिचारा माणूस तक्रार करतो, पोलीस माग काढतात, आणि कागदावर पहिलं नाव निघतं सुदामा नगरच्या एका बीकॉम झालेल्या पोराचं. ना ती मॅडम, ना तो कॅफेवाला.

इंटरव्ह्यू अवघड होता म्हणून खरा, हेही मनातून काढा. तो अवघड ठेवणं हीच त्यातली कारागिरी आहे. एकाला नापास केल्याशिवाय दुसऱ्याला पास झाल्यासारखं वाटत नाही, आणि होल्डवर ठेवून मग निवडलं की माणूस इतका हरखतो की १,८५० कसले असं विचारत नाही. आधी छोटी रक्कम, मग सिम, मग कार्ड, प्रत्येक पायरी मागच्यापेक्षा थोडीच मोठी. सॅलरी अकाउंटही नीट समजून घ्या, कंपनी फार तर अमुक बँकेत उघडा म्हणेल, पण सिम, कार्ड आणि पिन हे खातेदाराकडेच राहतात, कंपनीला फक्त खाते नंबर आणि आयएफएससी लागतो.

आता एकच विचारतो. कार्ड कुरियर केलं नाही ना? आणि त्याचा फोटो पाठवलाय का? बऱ्याच बँकांत युपीआय पिन सेट करायला कार्डाचे शेवटचे ६ आकडे आणि एक्स्पायरी एवढंच पुरतं, बाकी ओटीपी सिमवर येतो, आणि सिम त्यांच्याकडे आहे.

सुदामानगरची_ताई

काका, आत्ता भावाला विचारलं. कार्ड घरीच आहे पण फोटो पाठवलाय, 'व्हेरिफिकेशनसाठी' मागितला होता. माझ्या तर पोटात गोळाच आला. काय करू?

जुनं_पासबुक

घाबरू नको, पण उद्यावर टाकू नको. किटवर किंवा कार्डाच्या मागे जो कस्टमर केअर नंबर आहे त्यावर लगेच फोन करा, भावानेच बोलायचं, खातं त्याचं आहे. कार्ड ब्लॉक, युपीआय आणि नेटबँकिंग बंद, खात्याला डेबिट फ्रीझ (म्हणजे खात्यातून पैसे बाहेर जाणं बंद), असं स्पष्ट सांगा आणि तक्रार नंबर लिहून घ्या. शेवटच्या एंट्री विचारा.

मग १९३० ला फोन. ती सायबर फसवणुकीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे, गेलेले १,८५० सांगायचे आणि खात्याचंही सांगायचं. रक्कम लहान आहे म्हणून लाजू नका, तक्रार आपण आधी केली याला पुढे फार किंमत असते. वर सांगितलेल्या सायबरक्राइम पोर्टलवरही टाका, पावती नंबर जपून ठेवा.

सुदामानगरची_ताई

झालं काका. कस्टमर केअरने सांगितलं दुपारीच खात्यात दोनदा पैसे आले होते, ४९,००० आणि २०,०००, पहिले लगेच पुढे गेले, २०,००० खात्यात आहेत आणि आता फ्रीझ झालेत. हे ऐकल्यावर भावाचा चेहरा पांढराफटक. बाबा गप्प. १९३० ला लागला, नोंद केली. आता ते २०,००० ज्याचे आहेत त्याला परत कसे करायचे?

जुनं_पासबुक

तुम्ही करायचेच नाहीत. कोणाचाही फोन आला की चुकून आले, या नंबरवर परत टाका, तरी हात लावायचा नाही, तो बहुतेक चोरच असतो. ते पैसे पोलीस आणि बँक ज्याचे त्याला देतील. खातं बंद पण करू नका, फ्रीझच राहू दे, म्हणजे एंट्रींचा माग शाबूत राहतो.

उद्या ब्रँचमध्ये लेखी अर्ज द्या, झालेलं सगळं तारखेवार, आणि दुसऱ्या कॉपीवर शिक्का मारून पोच घ्या. पोच घेतल्याशिवाय उठायचं नाही, मॅनेजर कितीही बिझी असो. सिम कंपनीच्या शोरूमला आधार घेऊन जा, ते सिम बंद करून त्याच नंबरचं डुप्लिकेट काढा (नव्या सिमवर सुरुवातीचे २४ तास एसएमएस येत नाहीत, गोंधळू नका). संचार साथी या सरकारी पोर्टलवर भावाच्या नावावर एकूण किती नंबर चालू आहेत तेही दिसतं, कॅफेवाल्याने अंगठा दोनदा घेतला असेल तर तिथे कळेल. आणि व्हॉट्सअॅप चॅट, मेल, ऑफर लेटर यातलं काहीही डिलीट करू देऊ नका, मुलं रागाच्या भरात आधी ब्लॉक-डिलीट करून मोकळी होतात.

कोर्टाजवळ

वकील आहे, थोडं जोडतो. पोलीस थान्यात किंवा क्राइम ब्रँचच्या सायबरवाल्यांकडे लेखी तक्रार द्या, पोर्टलची पावती जोडून. फसवणुकीला भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ लागतं, दुसऱ्याचं सोंग घेऊन फसवलं म्हणून ३१९, आणि कॉम्प्युटर-मोबाइलवरून केलं म्हणून आयटी अॅक्टचं ६६डी. कलमं तुम्ही सांगायची नसतात, फक्त माहिती म्हणून.

जास्त महत्त्वाचं म्हणजे उद्या दुसऱ्या राज्याच्या पोलिसांची नोटीस येऊ शकते, नागरिक सुरक्षा संहितेच्या ३५(३) खाली, जुन्या सीआरपीसीतली ४१ए. ती म्हणजे अटक नव्हे, हजर राहून चौकशीला मदत करा असं असतं. फोन बंद करून नातेवाइकांकडे जाऊन बसणं हे सगळ्यात वाईट, वकील घेऊन उत्तर द्या, ही सगळी पावत्यांची फाइल जोडा. मात्र व्हॉट्सअॅपवर कोणी वर्दीतला माणूस व्हिडिओ कॉल करून केस मिटवायचे पैसे मागेल तर तो यांचाच भाऊबंद समजा.

ग्वाल्हेरी_शिंदेछावणी

अशीच केसची भीती घालून पैसे मागायची 'लीगल नोटीस'ची ट्रिक आमच्याकडेही झाली. चुलत बहिणीने घरबसल्या डेटा एंट्रीचं काम घेतलं, ऑनलाइन अॅग्रीमेंट, ९०% अॅक्युरसी पाहिजे. काम असं देतात की पास होताच येत नाही, मग वकिलाच्या लेटरहेडवर नोटीस, इतके भरा नाहीतर कोर्ट. तिने काही भरलं नाही, काही झालंही नाही. तुमच्या भावालाही आता 'अॅग्रीमेंट मोडलं' म्हणून धमक्या येतील बघा, उत्तर देऊ नका, स्क्रीनशॉट काढून फाइलला लावा.

मेल_तपासा

आधार आणि पॅनची कॉपी गेलीच असेल. आधारचं बायोमेट्रिक लॉक करून टाका, यूआयडीएआयच्या साइटवर होतं. काही महिन्यांनी क्रेडिट रिपोर्ट काढून बघा, त्याच्या नावावर कोणी लोन उचललंय का ते कळतं, वर्षातून एक पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. पुढे कुठे द्यायची वेळ आली तर मास्क्ड आधार द्या, त्यात शेवटचे ४ आकडेच दिसतात. आणि रेझ्युमेवरून जन्मतारीख, घरचा पूर्ण पत्ता काढा, एचआरला घराचा मजला कशाला हवाय.

सुदामानगरची_ताई

सगळ्यांचे खूप खूप आभार. ब्रँचची पोच मिळाली, डुप्लिकेट सिम झालं, थान्यात अर्ज दिला. मामा बरोबर होते म्हणून जरा ऐकून घेतलं, नाहीतर आधी 'पोर्टलवर टाकलंय ना, मग इथे कशाला' चालू होतं. डोमेन पण बघितलं, गेल्याच महिन्यातलं निघालं.

भाऊ जेवत नाहीये नीट. म्हणतो मी उत्तरं चांगली दिली होती. काय बोलावं त्याच्याशी?

कार्गोवाला

दिली होतीच ना चांगली. इंटरव्ह्यू घेणारे खोटे, त्याची उत्तरं थोडीच खोटी होती. त्याला सांगा व्हीलचेअरवाल्या प्रश्नाला काय बोलला ते मला लिहून पाठव, साडूंना विचारतो खऱ्या काउंटरवर चाललं असतं का. खरी भरती निघाली तर कळवीनच.

सुदामानगरची_ताई

सांगते त्याला 🙏 अजून एक. ज्या दोन मित्रांनी इंटरव्ह्यू दिला होता त्यातला दुसरा सिलेक्ट झालाय आणि त्याने बहुतेक कार्ड कुरियर केलंय. भावाला सांगायला लाज वाटतेय. मी परस्पर त्याच्या घरी फोन करू का?

जुनं_पासबुक

भावालाच करू दे, मित्राचं ऐकेल तो, आपलं नाही. पण लगेच, आणि तू शेजारी बसून. फोन उचलला नाही तर तू सरळ त्याच्या आईला लाव, आणि किटवरचा कस्टमर केअर नंबर हाताशी ठेवायला सांग.