मदत हवी आहे: घरातले फोटो लावायला वेळ कसा काढायचा?

बाळीवेसकर
घरातले फोटो लावायचे आहेत, दिवाळीपासून नुसतं ठरतंय. रविवारी दुपारी पेटी उघडली की आई एक फोटो हातात घेते, आणि तो कोणाच्या मुंजीतला यावरच चहाची वेळ होते. संध्याकाळी सगळं परत आत. बायको म्हणते, पसारा काढलात तर आवरूनच उठा. मला एवढंच सांगा, रोज थोडं थोडं करायचं की सुट्टी टाकून एकदम? अ‍ॅप वगैरे सुचवू नका. गड्ड्याच्या आत संपवायचंय, लवकर सांगा.

मीनल_कोथरूड
कागदाचे फोटो की मोबाईलमधले? साधारण किती? आणि गड्डा म्हणजे काय?

क्लाउडकाका
वेळ काढायचाच कशाला? सगळे मोबाईलने टिपा आणि गुगल फोटोजवर चढवा. तारखेप्रमाणे आपोआप लागतात, चेहरेही ओळखतं. आमच्याकडे एकही अल्बम उरलेला नाही.

शेंगाचटणी
काका, त्यांनी अ‍ॅप नको म्हटलंय की ओ. आणि जुना फोटो आज टिपला तर त्यावर आजचीच तारीख पडणार. आजोबांचं लग्न या डिसेंबरात लागलेलं दिसेल. फुकट अमर्याद जागाही 1 जून 2021 पासून बंद आहे, आता सगळं मिळून 15 जीबी.
@मीनल: गड्डा म्हणजे आमची सोलापूरची सिद्धेश्वर यात्रा, संक्रांतीची. सात नंदीध्वज, अक्षता, होम मैदानावर पाळणे. या एकदा.

बाळीवेसकर
पेटी म्हटल्यावर कागदाचेच ना. माळ्यावरची पत्र्याची पेटी. काही अल्बममध्ये, काही पाकिटात, निगेटिव्हही आहेत. किती ते मोजत बसलो असतो तर लावून झाले असते.

हायपो
माळ्यावर स्लॅब आहे की पत्रे? सोलापूरचा मे महिना फोटोंना सोसत नाही. पेटी आजच खाली आणा, खालच्या खोलीत कपाटात ठेवा. वेळेचं नंतर बघू.
माझं आयुष्य डार्करूममध्ये गेलं, म्हणून सांगतो. आधी रंगीत घ्या. सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या रंगीत प्रिंटमधली निळसर छटा आधी उडते आणि माणसं लालसर दिसायला लागतात. कृष्णधवल नीट धुतलेले असतील तर ते थांबतात. आणि ते चिकट पानांवर वरून प्लॅस्टिक ओढायचे अल्बम असतील तर फोटो नखाने उचकटू नका. दात साफ करायचा दोरा फोटोखालून करवतीसारखा हळू ओढा. नाहीच निघाला तर राहू द्या, पानासकट स्कॅन करा. लॅमिनेशन कोणीही सुचवलं तरी करू नका.

क्लाउडकाका
लॅमिनेशनने काय होतं? आमचे सगळे केलेत, छान चकाकतात.

हायपो
परत काढता येत नाही, हे होतं.

सौ_जुळेसोलापूर
वेळेचं मी सांगते, कारण तेच विचारलंय आणि तेच कोणी सांगत नाहीये. सुट्टी टाकू नका, सुट्टीच्या दिवशी पाहुणे येतात. रात्री जेवणं झाली की मोबाईलवर अर्ध्या तासाचा गजर लावायचा आणि एकच पाकीट घ्यायचं. त्या अर्ध्या तासात गोष्टी सांगायच्या नाहीत, नुसते गठ्ठे करायचे. वर्षाप्रमाणे मुळीच लावू नका, वर्षावरून भांडणंच होतात. घराप्रमाणे लावा: जुना वाडा, मामाकडचे, नवीन घर. गठ्ठ्यांमध्ये जुन्या लग्नपत्रिकांचे जाड पुठ्ठे घालायचे. चपलेच्या खोक्यात पोस्टकार्ड आकाराचे फोटो उभे छान बसतात. आईंना मात्र रविवार द्या, तो त्यांचा.

मीनल_कोथरूड
+१. पण धागाकर्त्यांनी अजून सांगितलं नाही की गड्ड्याच्या आतच का?

बाळीवेसकर
आत्या येते हुबळीहून, दरवर्षी. तिला अल्बम लावलेले दाखवायचेत. बाबांकडची निम्मी माणसं आईला ओळखू येत नाहीत. बाबा आता नाहीत. म्हणून घाई.

सौ_जुळेसोलापूर
अहो, मग हे पहिल्या ओळीत लिहायचं! बाबांकडचे फोटो लावूच नका. नुसते वेगळे काढा आणि आत्याबाई आल्या की समोर ठेवा, नावं त्याच सांगतील. तुम्ही आधीच अल्बममध्ये डकवून ठेवलेत तर त्या "छान छान" म्हणून पानं उलटतील आणि नावं राहून जातील.

हायपो
सहमत. फोनचं रेकॉर्डिंग चालू ठेवा, लिहायला बसलात तर तंद्री मोडते. प्रत्येक फोटोला नंबर द्या आणि बोलताना नंबर उच्चारा. मागे बॉलपेनने लिहू नका, पुढे चेहऱ्यावर वळ उठतो. जुन्या कागदावर मऊ पेन्सिल चालते. लॅबच्या गुळगुळीत कागदावर ती उमटत नाही, तिथे पाकिटावर लिहा.

क्लाउडकाका
मी तेच म्हणत होतो. चेहरे ओळखतं.

शेंगाचटणी
चेहरे एकत्र करतं काका, पण हा गंगाधरमामा की त्याचा भाऊ हे आत्याच सांगणार.
अवांतर: गड्ड्यात पुठ्ठ्याच्या विमानात बसून काढलेला फोटो असेल तर तो इथे नक्की टाका. आमच्याकडच्या त्या फोटोत मी रडतोय, आणि तोच पाहुण्यांना दाखवतात.

बाळीवेसकर
विमान नाही, मोटारसायकल आहे. असो. मग ठरलं, रात्री गजर लावून रंगीत, बाबांकडचे सगळे बाजूला. आत्या अक्षतांच्या आधी येते, गर्दीतून परतली की पाय चेपत बसते, तेव्हा पेटी काढतो. आता दोनच सांगा. आजोबांचा एक फोटो फ्रेमच्या काचेला चिकटलाय. आणि लहान चौकोनी फोटो स्कॅन करताना किती डीपीआय (इंचाला किती ठिपके) ठेवू? भाच्याकडे स्कॅनर आहे.

हायपो
काच ओढू नका, वरचा थर काचेवरच राहील. काचेसकट खिडकीपाशी ठेवा, फ्लॅश बंद करा, समोर काळं कापड धरा म्हणजे काचेत तुम्ही दिसणार नाही. छोटे 600, पोस्टकार्डएवढे 300 पुरे. भाच्याला सांगा व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचे तर डॉक्युमेंट म्हणून पाठव, नाहीतर बारीक होऊन येतात. चौकोनी म्हणजे बहुधा जुन्या क्लिक थ्री कॅमेऱ्याचे, एका रोलमध्ये बारा. त्यांच्या निगेटिव्ह फेकू नका, प्रिंटपेक्षा त्यात जास्त असतं.

कॅमेरावेडा
क्लिक थ्री अजून घरात आहे का? कातडी कव्हरसकट असेल आणि विकणार असाल तर व्यनि (खाजगी निरोप) करा.