मंडळाची पंचविशी, सरांचं स्मृतिव्याख्यान आणि चंद्राची अडचण

गच्चीवरची:
नमस्कार मंडळी. आमच्या तालुक्याच्या गावातलं आकाशनिरीक्षण मंडळ २०२६च्या नोव्हेंबरात पंचवीस वर्षांचं होतंय. सुरुवात झाली १८ नोव्हेंबर २००१च्या रात्री, सिंह राशीतल्या उल्कावर्षावाला. मी तेव्हा नववीत. सरांनी शाळेच्या गच्चीवर सतरंज्या टाकल्या, बॅटरीला लाल जिलेटीन पेपर गुंडाळला आणि वही माझ्या हातात दिली. "दिसली की रेघ मार, बघत बसू नकोस." मी बघतच बसले. रेघा बहुतेक सरांनीच मारल्या, अकरा पानं.

सर गेल्या वर्षी गेले. त्यांच्या नावानं पहिलं स्मृतिव्याख्यान ठेवायचंय आणि कार्यकारिणीत दोन तट पडलेत. एकाला हॉल, दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, दोन पाहुण्यांची मनोगतं हवीत. मी दुसऱ्या तटात. आभारप्रदर्शन सुरू झालं की सर चपला शोधायला उठायचे, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना जास्त सांगायला नको. पण काकूंची इच्छा आहे की एकदा तरी त्यांचा फोटो हार घालून स्टेजवर ठेवावा, आणि ते माझ्यानं मोडवत नाही.

प्रश्न दोन. १८ तारीख बुधवारी येते. ती धरावी की शनिवार बघावा? आणि विषय काय ठेवावा? कृष्णविवरांवर बोलायला एक पाहुणे तयार आहेत. नव्वद स्लाइडी आहेत म्हणाले.

आठ_इंची:
नव्वद? मग दुर्बीण कधी लावणार, पहाटे?

तारखेचं सांगतो. १७ला चंद्र अर्धा होतो, त्यामुळं १८ला तो मध्यरात्र उलटेपर्यंत हलणार नाही, आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या नोकऱ्या. २१चा शनिवार तर सोडूनच द्या. चंद्र आणखी मोठा, त्यात तुळशीची लग्नं, म्हणजे फटाक्यांचा धूर. १४ धरा. भाऊबीज ११ला होऊन जाते, मामाकडं गेलेली पोरं तेवढी आधी कळवून परत बोलवा. संध्याकाळी कोर असेल. चंद्रावरची विवरं दाखवायला कोरच बरी, सावल्या लांब पडतात. दहाच्या सुमारास ती मावळली की आकाश तुमचं. शनी अंधार पडल्यापासून वर असेल, पण कडी बारीक दिसतील. २०२५च्या मार्चमध्ये ती आपल्याला अगदी कडेवरून दिसत होती, तिथून आता उघडायला लागलीत. हे रांगेतल्या लोकांना आधीच सांगा, नाहीतर "पुस्तकातल्यासारखा नाही" म्हणून तोंड वाकडं करतात. जे थांबतील त्यांना मध्यरात्रीनंतर गुरू आणि मंगळ सिंहेत शेजारी शेजारी.

आणि हॉलबाहेरचा हॅलोजन कोण बंद करणार, ते आत्ताच ठरवा. आमच्याकडं किल्लीवाला जेवायला गेला होता.

टिळकरोड:
पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था स्थापन झाली २२ ऑगस्ट १९४४ला. म्हणजे वर्धापनदिनाला ढग ठरलेले. तुमचा नोव्हेंबरात पडला, हे नशीब समजा.

एक सुचवतो. जयंत नारळीकरांकडं मुलं स्वाक्षरी मागायला गेली की ते सांगायचे, पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठवा, उत्तराखाली सही मिळेल. तुम्हीही दारातच मुलांना एकेक पोस्टकार्ड द्या. माईक फिरवला की तो हमखास एखाद्या काकांच्या हाती जातो, आणि त्यांना प्रश्न नसतो, भाषण असतं.

मावळता:
कृष्णविवर कुठंही ऐकायला मिळेल. त्या रात्रीवरच व्याख्यान ठेवा की. या उल्का ज्याच्या धुळीच्या, तो टेंपल-टटल धूमकेतू ३३ वर्षांनी फेरी मारतो आणि दर फेरीला धुळीचा वेगळा माग सोडून जातो. २००१ला आशियातून जो जोर दिसला, तो मुख्यतः १६९९ आणि १८६६ साली सांडलेल्या धुळीचा. पृथ्वी कुठल्या मागातून केव्हा जाणार, याचं गणित लोकांनी आधीच मांडून ठेवलं होतं. तुमच्या गच्चीवर जळत होते ते कण तुमच्या पणजोबांच्याही आधीचे, सेकंदाला सुमारे ७१ किलोमीटरनं आलेले. ती वही सापडली आणि तिच्यात वेळा असल्या तर आलेख काढा. धूमकेतू परत येतोय २०३१ला, त्याची तयारीही त्याच दिवशी जाहीर करून टाका.

गच्चीवरची:
उशिरा लिहितेय, माफ करा. १४ ठरली. पोस्टकार्डं आणायचं काम खजिनदारांकडं. हार काकू घालतील, मनोगतं रद्द. हॅलोजनची किल्ली मी स्वतः घेणार. बोलायचं मात्र माझ्याच गळ्यात पडलंय, चाळीस मिनिटं.

वही काकूंकडं होती, फराळाच्या मोठ्या डब्यात, नेगेटिव्हांच्या पाकिटांखाली. दर पंधरा मिनिटांनी आडवी रेघ आणि शेजारी वेळ, सरांच्या अक्षरात. काल आकडे मांडायला बसले. सव्वातीन ते साडेतीन एकही उल्का नाही. बराच वेळ डोकं खाजवलं, मग आठवलं. सर तेव्हा चहा करायला खाली गेले होते आणि पेन्सिल माझ्याकडं होती. आलेखात तिथं खड्डा दिसणार आहे आणि तो भर सभेत मलाच समजावून सांगावा लागणार आहे.