जुन्या इंद्रजाल अंकांसाठी कमी भाव सांगितला, तर तो अपमान ठरतो का?

कृष्णाकाठ:

सर्वांना नमस्कार. मी गेली सहा वर्षे मराठी इंद्रजाल कॉमिक्सचे अंक जमवत आहे आणि आबिद सुरती यांनी निर्माण केलेल्या बहादूर या नायकाचे, म्हणजे १९७६ पासूनचे अंक हा माझा विशेष शोध आहे. मागच्या पंधरवड्यात एका गृहस्थांनी बारा अंकांचा गठ्ठा विक्रीस काढला आणि त्याची किंमत ७,२०० रुपये, म्हणजे अंकाला ६०० रुपये, अशी सांगितली. मी छायाचित्रे मोठी करून नीट पाहिली. दोन अंकांना मलपृष्ठ नसावे असे वाटत होते. एकाचा कणा चिकटपट्टीने जोडलेला होता आणि ती पट्टी पिवळी पडून तिच्याखालचा कागदही तपकिरी झाला होता. शिवाय बारांपैकी पाच अंक माझ्याकडे आधीपासून आहेत. हे सगळे मनात धरून मी त्यांना "३,००० ला देता का?" असा एका ओळीचा निरोप पाठवला. "रद्दीच्या दुकानात विचारा," एवढेच उत्तर आले आणि त्यानंतर त्यांनी माझे निरोप घेणेच बंद केले.

मला याचे मनापासून वाईट वाटले. आमच्याकडे भाजीच्या जुडीपासून बैलजोडीपर्यंत कशाचाही सांगितलेला भाव ही बोलण्याची सुरुवात असते, आणि त्यावर घासाघीस केली म्हणून कोणी संबंध तोडत नाही. मग जुन्या अंकांच्या व्यवहारात वेगळी रीत आहे का? मागितलेल्या किमतीच्या किती खाली गेले तर समोरच्याला राग येणे रास्त आहे? कमी भाव सांगताना त्याची कारणे लिहावीत, की दोष काढल्यासारखे होते म्हणून गप्प राहावे? आणि काही विक्रेते किंमत न लिहिता "योग्य भाव सांगा" असे लिहितात, तिथे आधी आकडा कोणी बोलावा? अनुभवी संग्राहकांनी सांगावे.

तिसरा_कप्पा:

कृष्णाकाठ, तुमचा हिशेब मला समजला, पण तो त्या गृहस्थांना समजण्याचा काही मार्ग नव्हता. तुम्ही मनातल्या मनात पाच अंक वगळले, तीन अंकांचे पैसे कापले आणि उरलेल्याची बेरीज केली. त्यांच्यापर्यंत मात्र फक्त निम्म्याहून कमी असलेला आकडा पोहोचला. त्यातही तुमच्याकडे पाच अंक आधीच आहेत हा त्यांच्या मालाचा दोष नव्हे, आणि माझ्या मते नेमकी तीच गोष्ट तुम्ही भावात धरायला नको होती. "मला या गठ्ठ्यातले सात अंक हवे आहेत, ते सुटे देता येतील का?" हा प्रश्न सरळ आहे. मात्र गठ्ठा बांधणारा माणूस चांगल्या अंकांच्या सोबतीने साधे अंक जावेत म्हणूनच तो बांधतो. त्यातून निवडून घ्यायचे असतील, तर सुट्या अंकाला थोडा चढा भाव द्यायची तयारी ठेवावी लागते.

दोषांबद्दल म्हणाल तर ते अवश्य लिहावेत, पण निकाल दिल्यासारखे नव्हे, चौकशी म्हणून. "या अंकाचे मलपृष्ठ फोटोत दिसले नाही, ते आहे का?" असे विचारले की बऱ्याचदा विक्रेता स्वतःच अंक काढून पाहतो आणि त्याला पहिल्यांदाच कळते की ते नाही. गेल्या वर्षी मला वेताळाच्या (म्हणजे फँटमच्या) कथांचे नऊ अंक एकाने देऊ केले होते. फोटोत मुखपृष्ठे चकचकीत होती, पण आतल्या पानाचा फोटो मागवला तेव्हा कडेच्या चौकटीतल्या संवादाच्या फुग्याचे शेवटचे अक्षर अर्धे कापलेले दिसले आणि कण्याजवळ सुईची भोके ओळीने होती. म्हणजे कधीतरी कोणीतरी हौसेने त्या अंकांचे बाइंडिंग करून घेतले होते, बाइंडरने तिन्ही बाजू यंत्राखाली छाटल्या होत्या आणि नंतर ते पुन्हा सुटे केले गेले होते. मी त्याच जातीच्या न छाटलेल्या अंकाशेजारी मोजपट्टी ठेवून फोटो काढला, त्यांना पाठवला आणि निम्मी किंमत सांगितली. त्यांनी थोडी ओढाताण केली, पण रागावले नाहीत, कारण आकड्याच्या आधी मोजपट्टी पोहोचली होती.

किती खाली जावे याचा लिखित नियम नाही. माझा स्वतःचा असा आहे. मागितलेल्या किमतीच्या चौथाईपर्यंत कमी सांगायचे असेल तर मी कारण देत नाही. त्याखाली जायचे तर कारण आणि फोटो दोन्ही देतो. निम्म्याखाली जावे लागणार असेल तर मी भाव करतच नाही. "तुमची किंमत बरोबर असेल, पण माझी ऐपत एवढीच आहे, पुढे कधी जमले तर कळवा" असे लिहून बाजूला होतो.

दोन वाक्ये मात्र कधीही लिहू नयेत. एक म्हणजे "मुखपृष्ठावर छापील किंमत रुपया आहे आणि तुम्ही सहाशे मागता". मार्च १९६४ मध्ये सुरू झालेली आणि १९९० मध्ये बंद पडलेली ही मालिका आहे, आणि तिचे बहुतेक अंक मुलांच्या हातातून थेट रद्दीत गेले. जो अंक उरला त्याचा भाव छापील किमतीशी जोडण्यात काहीच अर्थ नाही. दुसरे म्हणजे स्वतःचा आकडा न सांगता "शेवटचा भाव बोला" असे म्हणणे. त्यात समोरच्याने आपले पत्ते उघडे करावेत आणि आपण मुठी झाकून बसावे अशी अपेक्षा असते.

माजघर:

मी संग्राहक नाही. माझे मोठे बंधू वारले, त्यानंतर त्यांच्या लोखंडी ट्रंकेतले अंक विकण्याची जबाबदारी माझ्यावर आली, म्हणून विकणाऱ्याची बाजू लिहिते आहे. दादाने प्रत्येक अंकाच्या पहिल्या पानावर, वरच्या कोपऱ्यात, पेन्सिलीने तारीख आणि अंक कुठे घेतला ते लिहून ठेवले होते. "मिरज स्टेशन" असे तर कितीतरी अंकांवर होते. एका खरेदीदाराने मला लिहिले, "सगळ्यांवर गिचमिड आहे, त्यामुळे भंगार भावातच जातील." संग्राहकाच्या दृष्टीने लिहिलेला अंक कमी प्रतीचा असतो हे मला नंतर कळले, आणि ते मी मान्यही करते. पण त्या माणसाला मी त्याच्या सांगितलेल्या भावाच्या दुप्पट पैशालाही अंक दिले नसते.

दुसऱ्या एकांनी माझ्या किमतीच्या निम्म्याहूनही कमी आकडा सांगितला होता. त्यांनी लिहिले होते की पेन्सिलीच्या नोंदी त्यांना खोडायच्या नाहीत, पण पुढे कधी अंक बदलून घ्यायची वेळ आली तर या नोंदींमुळे त्यांना कमी मिळेल, म्हणून ते इतकेच देऊ शकतात. मी नाही म्हटले. त्यांनी आभार मानले आणि परत एकदाही तगादा लावला नाही. चार महिने दुसरे कोणी धड गिऱ्हाईक आले नाही, तेव्हा मी आपण होऊन त्यांनाच विचारले आणि त्यांनी तोच आकडा, एक रुपयाही कमी न करता, दिला. तेव्हा तिसरा_कप्पा यांनी निम्म्याची जी सीमा घातली आहे, ती मला फारशी पटत नाही. निम्म्याखालचा भावही सांगता येतो. तो कसा सांगितला यावरच सगळे ठरते.

उघड_लिलाव:

एक गोष्ट अजून कोणी मांडलेली नाही. कमी भाव सांगायचा तर तो खाजगी निरोपात सांगावा, विक्रीच्या मजकुराखाली सर्वांसमोर नव्हे. गुरांच्या बाजारात उपरण्याखाली हात घालून, बोटे दाबून भाव करण्याची हत्ता पद्धत आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. तिथे नकार मिळाला तरी तो दोघांतच राहतो; विकणाऱ्याच्या जनावराची किंमत चारचौघांत पडत नाही आणि घेणाऱ्याचीही शोभा होत नाही. तुम्ही उघडपणे ३,००० म्हटले असते, तर पुढच्या प्रत्येक गिऱ्हाइकाने तिथूनच सुरुवात केली असती.

मात्र हत्त्याची दुसरी बाजूही आहे. ज्याला बाजारभाव ठाऊक नाही तो त्यात नागवला जातो, आणि बाजार समित्यांमध्ये शेतमालाचा उघड लिलाव आला तो याच कारणाने. म्हणून भाव खाजगीत करावा, पण सौदा झाल्यावर दोघांची हरकत नसेल तर ठरलेली किंमत उघड लिहावी, असे मला वाटते. नव्या माणसाला त्याशिवाय अंदाज येणार कुठून? "योग्य भाव सांगा" असे लिहिणाऱ्यांना मी तर आकडा सांगतच नाही. किंमत लिहिणे हे विकणाऱ्याचे काम आहे. अपवाद एकच, तो म्हणजे माजघर ताईंसारखे घरातले अंक काढणारे लोक. त्यांना खरोखरच माहीत नसते, आणि तिथे आपल्याला ठाऊक असलेला भाव दडवून पडेल किमतीत गठ्ठा उचलणे ही माझ्या दृष्टीने घासाघीस नाही, लबाडी आहे.

अमर चित्रकथा घेणाऱ्यांसाठी एक जोड देतो. त्या मालिकेत तीच पुस्तके पुनःपुन्हा छापली गेली आणि पुढे क्रमांकही बदलले. 'कृष्ण' आधी ११ क्रमांकाचे होते, ते नंतर ५०१ झाले. तिथे आवृत्ती कोणती हे विचारल्याशिवाय आकडा बोलूच नये, नाहीतर एकजण जुन्या छपाईचा भाव मागत असतो आणि दुसरा नव्या छपाईचा सांगत असतो.

इसार:

मी फक्त शब्दाला बांधले जाण्याबद्दल लिहितो, कारण सर्वांत जास्त कटुता तिथेच येते. आपण आकडा सांगितला आणि समोरच्याने "दिले" म्हटले, की सौदा झाला. त्यानंतर "घरी विचारून सांगतो" किंवा "पोस्टाचा खर्च यातच धरा" असे म्हणणे म्हणजे सौदा मोडणे. पोस्टाची बाब आधीच बोलून घ्यावी. २०२५ मध्ये रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टमध्ये विलीन झाल्यामुळे जुन्या दराच्या आठवणीवर कोणीच विसंबू नये. ठरताच थोडी रक्कम इसार म्हणून पाठवली, तर विकणारा निर्धास्तपणे अंक बाजूला काढून ठेवतो.

याची उलट बाजूही लक्षात असावी. कमी भाव सांगणे म्हणजे मूळ किंमत नाकारून आपला नवा प्रस्ताव ठेवणे, आणि १८७२ च्या करार कायद्यातही स्वीकार बिनशर्त असावा लागतो. तेव्हा ३,००० ला नकार आल्यावर "बरे, ७,२०० देतो" म्हटले तर तेवढ्याने अंक आपले होत नाहीत. दरम्यान कोणी पूर्ण किमतीला "घेतो" म्हटले असेल तर ते त्याचे झाले, आणि त्यावरून विकणाऱ्याला दोष देऊ नये.

कृष्णाकाठ:

सर्वांचे आभार. माजघर ताई, तुमचा मजकूर वाचून मी त्या बारा अंकांचे फोटो पुन्हा उघडले. चिकटपट्टी लावलेल्या अंकाच्या आतल्या पानावर शाईने एका मुलाचे नाव, इयत्ता सहावी आणि तुकडी लिहिलेली आहे. आडनाव त्या गृहस्थांचेच आहे. मी हे आधी पाहिले होते आणि त्याचेही पैसे मनात कापले होते.

ते माझे निरोप घेत नसल्याने एका सामाईक परिचितांच्या हाती आज हा मजकूर दिला आहे: "तुमच्या अंकांना ३,००० हा भाव मी कारण न सांगता कळवला, ही माझी चूक झाली. मला बारांपैकी बहादूरचे सात अंक हवे आहेत. त्यांतल्या दोन अंकांना मलपृष्ठ आहे का, एवढे कृपया पाहावे. मलपृष्ठ असेल तर अंकाला ६०० रुपये, नसेल तर ३५० रुपये मी देईन, आणि पोस्टाचा खर्च वेगळा देईन. चिकटपट्टीचा अंक या सातांत नाही. तो तुमच्याकडेच राहावा असे मला वाटते. गठ्ठा फोडायचा नसेल तर तसे कळवावे, मी पुन्हा विचारणार नाही."

अजून उत्तर आलेले नाही.